दापोऱ्याची लाखी

अहो,

तुमच्या तेरवीला चार जण बोलले आणि चौघंही तुमच्या नजरेबद्दलच बोलले. कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, "आप्पांसारखी नजर बुऱ्हाणपुरात पुन्हा होणे नाही." इथल्या लालबाग स्टेशनवर तुमच्या शेजारच्या तिकीट खिडकीत बसणारे ते उंच गृहस्थ म्हणाले, "नाणं हातात घेतलं की दोन मिनिटांत सांगायचे, ही टांकसाळीची चूक आहे का कुणा लबाडाची करामत. जन्मात कधी चुकले नाहीत." मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. मला हसू आलं. तोंडाला पदर लावला, तर तुमच्या बहिणीला वाटलं मी रडतेय. तिनं पाठीवरून हात फिरवला आणि मला आणखीच हसू फुटलं. त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते मात्र मलाही कळलं नाही.

गेली चार वर्षं तुम्हाला नाण्यावरचा सिंह दिसत नव्हता. हे ठाऊक होतं तीन माणसांना. एक तुम्ही, एक मी आणि एक जळगावचे डोळ्यांचे डॉक्टर. तुम्ही गेलात. डॉक्टरांना आपण आठवत असू असं वाटत नाही. राहिले मी, आणि मला तुम्ही शपथ घालून ठेवली होतीत.

परवा मी ती मोडली. रागवायचं असेल तर रागवा, पण आधी सगळं ऐकून घ्या. जिवंतपणी तुम्ही माझं वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीत. आता मध्येच बोलायची सोय तुम्हाला राहिलेली नाही.

मला हा नाद तुम्हीच लावलात. लग्नाला महिनासुद्धा झाला नव्हता. ड्यूटीवरून आलात आणि ताटावर बसायच्या आधी खिशातून एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवलात. त्याच्यावरचा सिंह एका बाजूला सरकलेला, आणि दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीएवढी जागा कोरी. गल्ल्यात स्वतःचा रुपया टाकून तुम्ही तो उचलून आणला होतात. मी म्हटलं, "बिघडलेला दिसतोय, बदलून घ्या." दोन दिवस तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. नव्या नवरीवर रुसायला माणसाला कारण तरी काय सापडावं! तिसऱ्या दिवशी मी पेढे वळत होते, तेव्हा तुम्ही शेजारी येऊन बसलात. वेलदोड्याचा दाणा पेढ्यावर मुद्दाम कडेला दाबलात आणि म्हणालात, "हे बघ. टांकसाळीत चकती सरकली की ठसा असा बाजूला पडतो. लाखो नाण्यांत एखादं असं निसटतं आणि बाहेर येतं. त्याला बिघडलेलं नाही म्हणायचं." मग काय म्हणायचं, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "निसटलेलं." मला ते आवडलं होतं. तुम्हाला सांगितलं नाही, कारण दोन दिवसांचा रुसवा मीही मोजला होता.

मग हळूहळू सगळं शिकवलंत. भिंग डोळ्याजवळ धरायचं आणि नाणं भिंगाजवळ आणायचं, उलट नाही. आधी कड बघायची, मग चेहरा. चकतीचा तुकडा कापलेला असेल तर समोरच्या कडेची रेघ दबते, ती दबली नसेल तर कापणारा टांकसाळीतला नाही, बाहेरचा आहे. आणि सगळ्यांत वरचा नियम, नाणं कधी घासायचं नाही, धुवायचं नाही, पुसायचंसुद्धा नाही. घासलेलं नाणं बोलत नाही, असं तुम्ही म्हणायचात. मी एकदा दिवाळीच्या भांड्यांबरोबर तुमचा एक आणा चिंचेनं लख्ख केला, तेव्हा घरात सुतकासारखी शांतता होती.

निवृत्तीनंतर खिडकीपाशी ते टेबल आलं आणि सकाळी दहापासून आपल्या दारात चपला दिसायला लागल्या. मोबाइलवर कुणीतरी सांगायचं की अमुक नाणं असेल तर लखपती व्हाल, आणि दुसऱ्याच दिवशी कुणी असीरगढहून, कुणी पार तुकईथडहून रुमालात गाठ मारून नाणं घेऊन यायचं. तुम्ही एक पैसा घेत नव्हतात आणि तसूभर दयाही दाखवत नव्हतात. ते शाळेतले सर आठवतात? एका बाजूची अक्षरंच नसलेलं नाणं घेऊन आले होते. तुम्ही बोट फिरवलंत आणि म्हणालात, "सर, ही टांकसाळीची चूक नाही. ही कानशीची आहे." बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं. मी आत येऊन तुमच्यावर चिडले, की जरा गोड बोलायला काय जातं? तुम्ही म्हणालात, "गोड बोललो तर तो उद्या हे दुसऱ्याच्या गळ्यात मारेल."

बाजारात मात्र तुमची फजिती व्हायची. दहाचं नाणं भाजीवाली घेईना. "नहीं चलता काकाजी, नकली है." तुम्ही भर मंडईत तिला अर्धा तास समजावत होतात, मधली पांढरी चकती, भोवतीचं पिवळं कडं, हे असं, ते तसं. तिनं ऐकून घेतलं आणि भेंडी पिशवीतून परत काढून घेतली. घरी येताना तुम्ही धुसफुसत होतात. ज्या गावात मोगलांचे रुपये पाडले जायचे, त्या गावात खरं नाणं कुणी घेत नाही आणि कानशीनं घासलेलं लोक देव्हाऱ्यात ठेवतात! त्या दिवशी आपण पिठलं खाल्लं.

मग डोळे गेले. गेले म्हणजे सगळे नाही. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा मधला भाग खराब झालाय, कडेकडेचं दिसत राहील. परतीच्या गाडीत तुम्ही रावेरपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. रावेर गेल्यावर म्हणालात, "कुणाला सांगायचं नाही. पोटच्या पोराला, गिरीशलाही नाही. तो मला इंदूरला नेऊन बसवेल. टेबल गेलं तर माझ्यात काय राहिलं? तुला माझी शपथ आहे." मी हो म्हटलं. गाडीत माणसं होती, तुमचा आवाज कापत होता, मी दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवसापासून आपलं नाटक सुरू झालं. पंख्याच्या वाऱ्यानं वजनकाट्यावरचे आकडे नाचतात, म्हणून काटा आधीपासून स्वयंपाकघरात ओट्यावरच असायचा आणि वजन मीच करून आणायची. त्यामुळे नाणं आत गेलं तर कुणाला वावगं वाटत नव्हतं. वजन करता करता मी ओट्यापाशीच्या खिडकीत भिंग लावून ते पाहायची आणि बाहेर येताना चहा आणायची. नाणं खरं असेल तर म्हणायचं, "चहा घ्या." खोटं असेल तर म्हणायचं, "चहा गार होतोय." मग तुम्ही सावकाश चष्मा काढायचात, भिंग लावायचात, दोन मिनिटं ते नाणं फिरवून फिरवून बघायचात आणि निकाल द्यायचात. नाटकात तुम्ही पटाईत होतात, हे मानलं पाहिजे. एकदा एक पाहुणा म्हणालाही, "आप्पा, वहिनींना तुमच्या चहाची फारच काळजी हो." तुम्ही म्हणालात, "तिला दुसरं काम काय आहे?" रात्रीच्या भाजीत त्या दिवशी मीठ कमी पडलं, ते चुकून पडलं नव्हतं.

पण खोटं कशाला बोलू, ती चार वर्षं मला आवडली. सकाळी दहा वाजता पातळाच्या निऱ्या नीट करून मी स्वयंपाकघरात तयार असायची, ती काही भाजीसाठी नाही. निकालाची चिठ्ठी मी लिहायची. नाणं कोणतं, वजन किती, चूक कोणती, आणि खाली खरं किंवा खोटं. मग मी तुमचं बोट धरून कागदावरची जागा दाखवायची आणि तुम्ही सही करायचात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या मतावर तुम्ही रोज सही करताय असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

फक्त एक गोष्ट ठरवायची राहून गेली. 'सांगता येत नाही' असं म्हणायचं असेल तर चहाचं काय म्हणायचं, हे आपण कधी ठरवलंच नाही.

दापोऱ्याच्या शेवंताबाई आल्या त्या दिवशी मला त्याचीच गरज होती. दोन वर्षं झाली त्याला. त्यांनी पिशवीतून चांदीची डबी काढली, डबीत तांदूळ आणि तांदळात पाचाचं जुनं जाड नाणं. सासऱ्यांना आठवडी बाजारात मिळालेलं, आणि तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला त्याला हळदकुंकू वाहिलेलं. इतकं की एका बाजूचा सिंह सोडला तर बाकी नाणं लालच होतं. दुसऱ्या बाजूला पाचाचा आकडा असायला हवा, तिथंही सिंहच होता, पण आत खचलेला आणि उलटा, आरशातला असावा तसा.

अशा नाण्याला आपल्याकडे लाखी म्हणतात. छापलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं, पुढची कोरी चकती त्याच्याखाली येते आणि ठशाच्या जागी त्या चिकटलेल्या नाण्याचंच चित्र तिच्यात दाबलं जातं. टांकसाळीच्या चुकांमध्ये ही फार मानाची चूक. म्हणूनच लबाड लोकही तिच्याच मागे. लेथवाल्याच्या पकडीत दोन तयार नाणी, एकाचा सिंह दुसऱ्याच्या पाचावर येईल अशी ठेवून करकचून आवळली की तसंच चित्र उमटतं. फरक इतकाच, की खऱ्या लाखीत त्या बाजूला पाचाच्या ठशानं कधी स्पर्शच केलेला नसतो, तिथं पाचाची खूणसुद्धा नसते. बनावट नाण्यात खचलेल्या सिंहाखाली पाचाचा आकडा भुतासारखा राहतो. वजन दोन्हींचं सारखंच, नऊ ग्रॅम. काटा तिथं काही मदत करत नाही.

मी खिडकीत नाणं धरलं. जिथं पाचाच्या आकड्याचं पोट दिसायचं तर दिसलं असतं, तिथं कुंकवाचा थर. समोरच्या बाजूच्या सिंहाचं नाक मला जरा चपटं वाटलं, आणि कडेवरची खाच एका ठिकाणी दबल्यासारखी. मी तुम्हाला आत बोलावलं. म्हटलं, "मला शंका आहे. कोमट पाण्यात टाकते, कुंकू निघालं की कळेल." तुम्ही म्हणालात, "नाणं धुवायचं नसतं." मी म्हटलं, "मग सांगता येत नाही असं लिहू." तुम्ही नाणं माझ्या हातातून घेतलंत, कडेवरून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "कड बरोबर लागतेय. खरं आहे." मी पुन्हा धुवायचं काढलं, तेव्हा तुम्ही आवाज खाली आणून विचारलंत, "आता टेबलसुद्धा घेणार का माझं?"

त्यावर मी चहा ओतला, बाहेर आले आणि म्हटलं, "चहा घ्या."

हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, आज बोलते. त्या नाण्याच्या बाबतीत तुम्ही चुकलात, पण खोटं बोलले ती मी. मला तुमची दया आली. ज्या माणसानं आयुष्यात कुणा नाणेवाल्यावर दया केली नाही, त्याच्यावर मी केली, आणि त्यानं ती मागितलीही नव्हती. पुढं शेवंताबाई दर हंगामाला केळ्यांचा घड पाठवायच्या. तुम्ही आवडीनं खायचात. मी शिकरण करून द्यायची आणि स्वतः घ्यायची नाही. तुम्ही विचारायचात, "अजून त्या लाखीवरच अडलीयेस का?" मी हो म्हणायची आणि आपलं पुन्हा वाजायचं. शेवटचं भांडण तुम्ही दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी झालं. ते मिटलं नाही.

परवा शेवंताबाई पुन्हा आल्या. आधी माझ्याजवळ बसून चांगल्या रडल्या. मग डोळे पुसून डबी काढली.

"वहिनी, इकाचं म्हनतो हे. नातीले इंदूरले शिकाले ठेवाचं हाय. खंडव्याचा एक मानूस घेतो म्हने, इतवारी येनार हाय. पन तो म्हनते, आप्पा तं राह्यले नाही, मंग घरच्याईनं एवढं सांगावं का चिठ्ठीवरली सही त्याहीचीच हाय."

गिरीश तिथंच होता. तो म्हणाला, "आई, सिंपल बात आहे. सही बाबांचीच आहे ना? बस्स, तेवढंच सांगायचं. नाण्याबद्दल तुला कोण विचारतंय?"

खरंच होतं त्याचं. सही तुमचीच होती. मी एक शब्दही खोटा न बोलता त्या खंडव्याच्या माणसाला फसवू शकत होते. शेवंताबाईंची नात शिकली असती, तुमचं नाव राहिलं असतं, माझी शपथ राहिली असती. सगळ्यांचं भलं. एक क्षण मी डबीकडे बघत बसले. मग मला वाटलं, ह्या घरात त्या चिठ्ठीशिवाय दुसरं काय कमावलंय आपण? सोनं नाही, शेत नाही. चिठ्ठीवर खरं लिहिलंय म्हणजे खरं, एवढंच. तेही मी विकायला काढू?

मी डबी उचलली, आत गेले आणि नाणं कोमट पाण्यात टाकलं. हो, टाकलं. वाटीतलं पाणी लाल झालं. जुन्या मऊ ब्रशनं हलक्या हातानं दोनदा फिरवलं, फडक्यावर टिपलं, खिडकीत धरलं. पाचाचं पोट दिसलं, वरची दांडीही दिसली. दोन वर्षं मी हेच म्हणत होते. तुम्हाला हाक मारायला मी तोंड उघडलंसुद्धा. आणि मग ओट्याला धरून उभी राहिले. जिंकलेलं भांडण ऐकायला माणूस नव्हता घरात.

बाहेर आले तेव्हा शेवंताबाईंनी नाणं बघून कपाळावर हात मारला. "व माय! धुतलं काय तुमी? लक्ष्मी हाय ते!"

मी त्यांना भिंग दिलं, कुठं बघायचं ते दाखवलं. त्यांना दिसलं. दिसलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. पण त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि चिठ्ठी पुढं केली.

"आप्पांनी खरं म्हटलं होतं. लिहेल हाय. तुमी खोटं म्हनून राहिल्या. आता म्या कोनाचं मानू?"

"माझं माना."

"काहून मानू?" त्या चिडल्या होत्या, आणि त्यांचं काय चुकलं? "आप्पा नानं पाहत होते. तुमी तं चहा आनत होत्या!"

गिरीशनं मला नजरेनं खुणावलं, जाऊ दे. तुमच्या बहिणीनंही आतून हाक मारली. आणि मला त्या चार वर्षांतल्या सगळ्या चहांचा एकदम संताप आला. रावेर स्टेशन आठवलं. तुमचा कापणारा आवाज आठवला. आणि तरीही मी बोलले.

"चहा आणत होते, शेवंताबाई. आणि आणायच्या आधी नाणं बघत होते. आप्पांना दिसत नव्हतं. चार वर्षं दिसत नव्हतं. ह्या चिठ्ठीतलं अक्षर बघा, माझं आहे. नाणं बघितलं मी, वजन केलं मी, निकालही माझा. त्यांची फक्त सही. तुमच्या नाण्याची मला तेव्हाच शंका होती आणि मी गप्प बसले. ती चूक माझी. आज तो निकाल मी मागे घेतेय."

शेवंताबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"मंग आंधळ्याच्या सहीवर गावानं इश्वास ठेवला व माय," त्या पुटपुटल्या.

"आंधळे नव्हते ते," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, मला ऐकू येत होता. "भिंगावाचून त्यांना बोटानं जेवढं कळायचं तेवढं तुमच्या त्या खंडव्याच्या माणसाला दोन्ही डोळ्यांनी कळत नसेल. मला जे येतं ते सगळं त्यांनी शिकवलंय. एका नाण्यात चुकले. चुकले म्हणून सांगतेय ना मी?"

मी कोरी चिठ्ठी घेतली. पाच रुपये, वजन नऊ ग्रॅम, लाखी नाही, दाबून केलेलं, खोटं. खाली माझी सही केली. जुनी चिठ्ठी मी फाडली नाही, दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. म्हटलं, खंडव्याच्या माणसाला दोन्ही दाखवा आणि काही विचारायचं असेल तर इथं पाठवा. त्यांनी चिठ्ठ्या घडी करून डबीत ठेवल्या. रागातच गेल्या. नातीचं नाव काय, एवढंही मी विचारलं नाही, ते मला आता लागून राहिलंय. कोणती कॉलेजं आहेत, कुठं मदत मिळते, ते बघून ठेवीन. त्या येतील का ते माहीत नाही.

गावात व्हायचं ते झालं. संध्याकाळपर्यंत गोष्ट दापोऱ्याला पोचली आणि तिथून वाढून परत आली. तुम्ही जन्मांध होतात इथवर मजल गेलीये. अध्यक्षांचा फोन आला, की वहिनी, तेरवीत आम्ही एवढं बोललो, आमची काय शोभा राहिली? मी म्हटलं, तुमची शोभा तुम्ही बघा. चार वर्षांत ज्यांनी ज्यांनी चिठ्ठी नेली, त्यांना मी निरोप पाठवलेत. ज्याला पुन्हा तपासून हवं असेल त्यानं नाणं घेऊन यावं. कुणाला वाटतंय तुमचं नाव मी मातीत घातलं. वाटू दे. कधीच न चुकणारा माणूस ह्या घरात नव्हता. मी ज्याच्याशी संसार केला तो एका लाखीत चुकला होता, चिडका होता, हट्टी होता आणि त्याच्या हाताखाली शिकलेली बाई त्याची चूक पकडू शकली, ह्याहून मोठं प्रशस्तिपत्र त्याला कोण देणार होतं? टेबल मी हलवू दिलेलं नाही. रोज दहाला बसते.

पण मला सांगायचंय ते गिरीशचं.

शेवंताबाई गेल्यावर मला वाटलं तो आता माझ्यावर ओरडेल. तो टेबलापाशी तुमच्या खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर. त्यानं विचारलं, "चार वर्षं?"

मी म्हटलं, "हो."

"म्हणजे सई झाली तेव्हा..."

"त्याच्या आधी वर्षभर."

त्यानं चेहरा हातांत घेतला. मग सगळं बाहेर आलं, तीन वर्षं मनात धरून ठेवलेलं. "आई, बारशाला मी तिला त्यांच्या मांडीवर दिली. पहिली नात. लोक कसे बाळाच्या तोंडाकडे टक लावून बघत बसतात. आणि बाबा? तिला घेतलं आणि मान फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. एकदा नाही, दर वेळी. मी फोटो पाठवायचो, तर 'छान आहे' एवढंच. मी तेव्हाच ठरवलं होतं, की यांना नाण्यांपुढं काही दिसत नाही. दोन दिवाळ्या मी मुद्दाम आलो नाही. त्यांना वाटलं रजा मिळाली नाही."

तुम्हाला ते तसं वाटलं नव्हतं, हे मला माहीत आहे. तुम्ही दोन्ही दिवाळ्यांना दाराकडे कान लावून बसला होतात.

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. म्हटलं, "गिरीश, त्यांचं मधलं गेलं होतं. कडेचं दिसत होतं. सरळ समोर बघितलं की नेमका चेहराच पुसला जायचा. मान बाजूला फिरवली की तो डोळ्याच्या कोपऱ्यात यायचा, मग दिसायचा. बारशाला ते खिडकीकडे बघत नव्हते रे. तासभर ते तिलाच बघत होते. रात्री मला म्हणाले, डाव्या गालावर खळी पडते, आणि भुवया गिरीशच्या आहेत."

त्यानं खिशातून मोबाइल काढला, सईचा फोटो लावला, टेबलावर उभा करून ठेवला. मग सावकाश मान खिडकीकडे फिरवली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या फोटोकडे बघत राहिला.

हे त्याला तुम्ही स्वतः सांगायला हवं होतंत.